आडवी डहाळी

माईकवाल्याने शीलाचं नाव पुकारलं आणि वर जोडलं, "आपल्या सूर्यमाळच्या मातीतली लेक, जिला सायकल चालवायला कुणीही शिकवलं नाही." टाळ्या पडल्या. शीला उताराच्या तोंडाशी लाकडी फळीवर एक पाय टेकून उभी होती. हेल्मेटच्या आत तिने तोंड वाकडं केलं. कुणीही शिकवलं नाही म्हणे. मग जव्हारच्या बाजारात युसुफचाचा काय माश्या मारत बसले होते? पण शहरातल्या माणसांना पाड्यावरची पोरगी आभाळातून पडलेलीच आवडते. तिला कुणी शिकवलं, ती कुठे कुठे आपटली, हे सांगत बसलं तर टाळ्या कमी पडतात.

खरी गोष्ट अशी की शीलाला पहिली सायकल मिळाली ती शाळेतून. आठवीच्या मुलींना सायकली वाटल्या, हार घालून फोटो निघाले आणि फोटो काढणारे गाडीत बसून घाट उतरून गेले. सूर्यमाळच्या पाड्यांवर सायकल चालवायची कुठे, हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडला नाही. शाळेत जाताना सगळा उतार, येताना सगळा चढ. जाताना जिवाला धाक आणि येताना सायकल खांद्यावर. बाकीच्या मुलींच्या सायकली महिन्याभरात कुडाला टेकल्या. कुणाच्या सायकलवर गोधड्या वाळू लागल्या, कुणाच्या हँडलवर कोंबड्या बसू लागल्या. यात मुलींचं काय चुकलं? सपाट गावासाठी केलेली वस्तू डोंगरावर आणून टाकली आणि वर विचारायचं, वापरत का नाही?

शीला मात्र हट्टी. गाडीरस्ता लांबून वळसे घेत खाली जातो. पाड्यावरून झऱ्यावर उतरणारी बायकांची पायवाट नाकासमोर जाते. शीला त्या पायवाटेने सायकल घालू लागली. ब्रेकचे रबर थोड्याच दिवसांत झिजून गेले, तेव्हा ती चपलेचा तळवा चाकावर दाबून वेग आवरायची. चपलेला भोक पडलं की बाप, जगन, शिव्या घालायचा. शेजारची सुकरीकाकी तर तिची जन्माची वैरीण असल्यासारखी वागायची. डोक्यावर हंडा घेऊन ती चढत असली आणि वरून शीला आली, की बाजूला होऊन वाट देणाऱ्या शीलाला ती ऐकवल्याशिवाय पुढे जायची नाही.

"पडशील नि मरशील. मंग झोळी करून तुला कोण न्यायची? आम्हीच."

शीला पडली, मेली नाही. पुढे कॉलेजसाठी जव्हारच्या वसतिगृहात राहायला गेली तेव्हा सायकलही घेऊन गेली. चाकाची रिम पापडासारखी वाकली होती. बाजारातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात युसुफचाचांनी ती रिम हातात फिरवली आणि एकदम चिडले.

"ही कुठून उतरवलीस, बेटा?"

"झऱ्याच्या वाटेनं."

"ह्या सायकलीवर?"

शीलाला वाटलं, आता ओरडा बसणार. पण चाचांचा राग तिच्यावर नव्हताच. "हे गल्लीत दूध आणायला जायचं खटारं. हे देतात डोंगरातल्या पोरींना. देणाऱ्याला बसवायला पायजे ह्याच्यावर नि द्यायचं ढकलून." त्यांनी नाशिकहून भंगारात आलेली एक जुनी डोंगरी सायकल उघडली, तिला शॉकअप आणि डिस्क ब्रेक बसवले, आणि ते कसं बसवायचं हे स्वतः मोबाइलवर बघून बघून शिकले. दर सुट्टीत शीला ती घेऊन वर जायची आणि काही ना काही मोडून परत यायची. काय मोडलं ते बघून चाचा सांगायचे की ती कुठे चुकली. "पुढचा ब्रेक जोरात मारलास." "बसून आलीस तू, उभी राहून नाय आलीस." असा तिचा अभ्यास झाला. म्हणे कुणीही शिकवलं नाही.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी निनाद सर आले. त्यांचा ठाण्याला सायकलवाल्यांचा क्लब. सूर्यमाळचा उतार बघून ते हरखले आणि त्यांनी तिथे ट्रॅक खणायला घेतला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाची चीड आली तर ती लवकर विझते तरी. पाड्यावरच्या लोकांना खणायचं काम मिळालं, शीलाला क्लबची चांगली सायकल चालवायला मिळाली. ट्रॅकच्या वरच्या अर्ध्या भागासाठी सरांनी झऱ्याची पायवाटच घेतली, कारण तिच्याइतका सरळ उतार दुसरीकडे नव्हता. खाली एका फाट्यावर जुनी वाट करवंदीच्या जाळीतून डावीकडे जात होती. सरांनी उजवीकडे नवा ट्रॅक काढला, मातीचा उंचवटा रचून उडी केली आणि उडीनंतर सायकल टेकायला मातीचाच भराव घातला. वर काळी पाटी लागली. काळी पाटी म्हणजे ही वाट फक्त पट्टीच्या सायकलवाल्यांसाठी, इतरांनी पाऊल टाकू नये, जिवाला धोका. त्याच चढाने बायका पिढ्यान्पिढ्या भरलेले हंडे वर नेत होत्या, त्यांच्यासाठी धोक्याची पाटी लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आणि आता ही शर्यत. मुलींमधल्या पहिल्या तिघी पुढच्या महिन्यात हिमाचलातल्या देशपातळीच्या शर्यतीला जाणार होत्या, क्लबच्या खर्चाने. तिथे चमकलं तर सायकल कंपन्या मुलींना वर्षभर सांभाळतात, असं ऐकून होतो. शीला बारावी होऊन खोडाळ्याच्या बाजारात एका दुकानात कापड फाडत होती. जगनने तिला सरळ सांगितलं होतं, "यंदा काय ते बघ. नाय जमलां तर दिवाळीनंतर आमच्यासंगती भट्टीवर." विटा थापायला. बाप असं बोलला म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला पोरीसाठी दुसरी वाट दिसत नव्हती. शीलाला मात्र दिसत होती, आणि ती त्या लाकडी फळीपासून खाली सुरू होत होती.

मुलींमध्ये उतरायला तिचा पहिला नंबर निघाला होता. थोड्या थोड्या अंतराने एकेकीला सोडणार होते. शिट्टी झाली आणि शीला सुटली.

वरून बघणाऱ्याला तो उतार असा दिसतो की पुढचं चाक संपलं की थेट खालच्या झाडांचे शेंडे. नवखा माणूस तिथे दोन्ही ब्रेक आवळतो आणि तिथेच फसतो; पुढचं चाक अडतं आणि मागची सायकल डोक्यावरून पुढे येते. शीला सीटच्या मागे गेली, अंग जवळजवळ मागच्या चाकावर, टाचा खाली दाबलेल्या, ब्रेकवर एकेकच बोट. खडकांची पहिली रांग आली. सायकल थयथयाट करते तेव्हा तिला करू द्यायचा असतो, हात कोपरातून सैल ठेवायचे, आणि नजर चाकाखालच्या दगडावर नाही तर पुढच्या वळणावर ठेवायची. जिथे बघशील तिथे जाशील, हे तिला चाचांनी सांगितलं नव्हतं की सरांनी. ते तिला निवडुंगात पडून कळलं होतं. ऐनाच्या झाडाच्या मुळांवरून चाक सुटलं आणि परत धरलं. सागाची वाळकी पानं चाकाखाली पापडासारखी फुटत होती. तिसऱ्या वळणाला मागचं चाक मुद्दाम घसरवून तिने सायकल अशी फिरवली की वळणावर उभा असलेला छत्रीवाला स्वयंसेवक नकळत मागे सरकला. आपण लवकर उतरतोय हे तिला अंगातूनच कळत होतं. तिला हसू येत होतं.

मग फाटा आला. उजवीकडे नव्या ट्रॅकवर, बरोबर मधोमध, जांभळीची हिरवीगार डहाळी आडवी पडली होती. तिच्या देठावर एक दगड ठेवलेला होता.

आता हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यासाठी सांगायला हवं. रानात चार जण मागेपुढे चाललेले असतात. पुढच्याला वाटेत आग्या मोहोळ उठलेलं दिसतं, झाड आडवं पडलेलं दिसतं, जनावर बसलेलं दिसतं. तो मागे ओरडत येत नाही. तो ओली डहाळी मोडतो, त्या वाटेवर आडवी टाकतो आणि वाऱ्याने उडू नये म्हणून देठावर दगड ठेवतो. मागून येणारा ते बघून दुसऱ्या वाटेने जातो. डहाळी कुणी टाकली, का टाकली, हे विचारायचं नसतं. ती ओलांडायची नसते. पानं वाळली की वाट आपोआप मोकळी. लाकडाला, करवंदांना, मोहाला जाणारी पोरं हे चालायला शिकतानाच शिकतात, आणि टाकणाऱ्याने ती थट्टेने टाकली असेल अशी शंका कुणालाही कधी येत नाही. आलीच तर मग रानात जाणंच बंद करावं लागेल.

शीलाने विचार केला नाही. नंतर तिला सगळ्यांनी हेच विचारलं, की एवढ्या वेगात तू नेमका काय विचार केलास? विचार करायला वेळ होता कुठे? हात डावीकडे वळले आणि ती करवंदीच्या जाळीतून, काट्यांनी दंड फाडून घेत, जुन्या वाटेने खाली उतरली. जाळी दाट होती, पलीकडे काय झालंय ते तिला दिसलं नाही. एवढं कळलं की उडीपाशी दोन झेंड्यांमधून जायचं होतं, ते झेंडे चुकले. झेंडे चुकले की बाद. तरीही खाली पोचताच तिने घड्याळाकडे बघितलं नाही. हेल्मेट काढायच्या आधीच ती शेवटच्या रेषेवरच्या माणसाला म्हणाली, "वर फाट्यावर डहाळी टाकलीय. उडीकडं काहीतरी झालंय. पुढची थांबवा."

"काय टाकलीय?"

"डहाळी. डहाळी आडवी टाकलीय."

"पालापाचोळा असणारच गं जंगलात," तो म्हणाला. त्याच्या हातातल्या वॉकीटॉकीवर पुढची मुलगी सुटल्याचं कुणीतरी सांगत होतं.

पुढची मुलगी ठाण्याची ऋजुता. तिने डहाळी बघितली, पण तिच्या लेखी तो पालाच होता. ती पाल्यावरून गेली, उडी घेतली, आणि खाली टेकली तिथला भराव पुढच्या चाकासकट खचला. गळ्याजवळचं हाड मोडलं. चांगली पोरगी होती; आदल्या दिवशी तिनेच शीलाला आपले गुडघ्याचे पॅड दिले होते. तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालताना शीला बाजूला उभी राहून ओठ चावत होती, आणि तिचा राग हळूहळू वर चढत होता, कारण तिने सांगितलं होतं. सांगितलं होतं आणि ऐकलं नव्हतं.

शर्यत थांबली. ऋजुताची सायकल क्लबच्या तंबूपाशी आणली तेव्हा मागच्या चाकाच्या तारांत जांभळीची फांदी अडकलेली निघाली. झालं. सगळ्यांना हवं ते मिळालं. फांदी चाकात गेली म्हणून पोरगी पडली. भराव खचला तो तिच्या पडण्याने. आणि फांदीवर म्हणे दगडही ठेवला होता, म्हणजे वाऱ्याने पडलेली नव्हे, कुणीतरी मुद्दाम टाकलेली. निनाद सरांचे दोघे मदतनीस तावातावाने बोलू लागले. एवढं काम दिलं गावाला, त्याचे हे पांग फेडले. शर्यतीसाठी पाणवाट बंद केली म्हणून बायकांनी सूड घेतला. कुणीतरी पोलीस पाटलाला फोन लावत होतं.

तेवढ्यात सुकरीकाकी तिथे येऊन उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. हंडा खाली ठेवला, डोक्यावरची चुंबळ हातात घेतली आणि शांतपणे म्हणाली, "डहाळी मी टाकली."

हीच तिची चूक झाली, आणि अशी चूक ह्या पाड्यावरचंच माणूस करू जाणे. डहाळी कुणी टाकली असं विचारत आहेत हे तिच्या कानावर गेलं होतं. तिला वाटलं, वाटेत काय होतं ते ह्यांना विचारायचंय. म्हणून ती सांगायला आली. ती आली ती साक्ष द्यायला आणि उभी राहिली आरोपीसारखी.

"का टाकलीस?" एक मदतनीस अंगावर आला. पन्नाशीच्या बाईला अरेतुरे करताना त्याची जीभ अडखळली नाही.

सुकरीकाकीने सांगितलं. दिवस उगवताना ती झऱ्यावर निघाली. शर्यतीच्या दिवसांत पाणवाट बंद राहील, पाड्याला टँकर येईल, असं सांगितलं होतं. टँकर आला तो पाहुण्यांच्या तंबूंपाशी थांबला, पाड्यावर आलाच नाही. मग बाई काय करणार? ती फाट्याजवळ पोचली तर तिला वाटेवर पाणी वाहताना दिसलं. फेब्रुवारीत, सूर्यमाळला, वाटेवर पाणी. पाहुण्यांच्या अंघोळीच्या टाकीचा नळ रात्रभर उघडा राहिला होता. "आमच्या हंड्याला नाय नि डोंगराला पाजलां," ती म्हणाली. ते पाणी उडीपलीकडच्या भरावात मुरून माती पोटातून सुटली होती. वरून नीट, आतून पोकळ. तिने काठी घातली, ती हातभर आत गेली. तिने आधी तंबूकडे जाऊन सांगायचा प्रयत्न केला, तर दारावरच्याने मनगटावर पाहुण्यांची पट्टी नाही म्हणून तिला आत सोडलं नाही. मग ती परत फिरली आणि जे करायचं असतं ते केलं. डहाळी टाकली, दगड ठेवला.

"म्हणजे तूच टाकलीस. कबूल आहे ना?" मदतनीस सगळ्यांकडे बघत म्हणाला. एवढ्या बोलण्यातलं त्याने तेवढंच ऐकलं होतं.

"हां. मीच टाकली."

शीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढे झाली तेवढ्यात निनाद सरांनी तिला हाताने खूण करून तंबूत बोलावलं. शर्यतीसाठी जव्हारहून आलेले युसुफचाचा तिथेच सायकलींची कामं करत बसले होते; त्यांनी पाना खाली ठेवला.

सर दमलेले दिसत होते. आवाज हळू होता. "शीला, हे बघ. वरच्या टप्प्यात तुझ्याइतक्या वेगात आज कुणी उतरणार नाही, हे मी वळणावर नोंदलेल्या तुझ्या वेळेवरून सांगतो. नियमात एक सोय आहे. ट्रॅकवर बाहेरच्या कुणी अडथळा आणला तर खेळाडूला परत उतरायला मिळतं. तू फक्त पंचांना सांग की वाटेत अडथळा टाकलेला होता, म्हणून तुला ट्रॅक सोडावा लागला. भराव आम्ही दुपारपर्यंत नीट करतो. तू परत उतर. तू हिमाचलला जातेस."

"आणि काकी?"

"तिला कोण काय करणार आहे? पाटील समज देतील. पण एक मुलगी जखमी झालीय, तिच्या घरच्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल ना मला. विम्याचे लोक विचारणार."

आता कळलं. नळ क्लबचा, पाणी क्लबचं, भराव क्लबचा. पण अडथळा गावाचा म्हटला की क्लबचे हात स्वच्छ. सर हे खोटेपणाने म्हणत होते असंही नाही. त्यांना मनापासून वाटत होतं की ते शीलाचं भलं करत आहेत, आणि ह्याच गोष्टीने माणसाचं रक्त उकळतं. सरळ लुच्चा माणूस असता तर शीलाला बोलणं सोपं गेलं असतं.

"अडथळा नव्हता तो, सर," शीला म्हणाली. "वाट बंद आहे, एवढं सांगितलं होतं. आणि वाट बंदच होती."

"ते तुला माहीत. पंचांच्या भाषेत तो अडथळाच."

"मग पंचांना आमच्या भाषेत सांगा."

"असं नाही चालत गं." सरांनी कपाळ चोळलं. "अडथळा नव्हता तर तू झेंडे चुकवून गेलीस ती स्वतःहून. मग तू बाद. मधलं काही नाही."

युसुफचाचा हळूच म्हणाले, "बेटा, एक शब्द आहे. बोलून टाक. सुकरीबाईला मी समजावतो, ती काय मनावर घेणार नाय. इतकी वर्षं घातलीस." त्या सायकलींच्या चाकांत त्यांचीही वर्षं गेली होती.

शीलाने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. एवढा एकच माणूस होता ज्याच्यावर तिला चिडता येत नव्हतं. डोळ्यांपुढे भट्टीवरच्या विटा आल्या, दिवाळीनंतरची ती टेम्पोतली गर्दी, आईचे फुटलेले हात. हिमाचल कसं असतं ते तिला माहीत नव्हतं, त्यामुळे ते डोळ्यांपुढे नीट येईना. जिभेवर तो शब्द आला होता. अडथळा. किती लहान शब्द आहे, आणि कोण ऐकणार होतं? तिने पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. सुकरीकाकी अजून तिथेच उभी होती, चुंबळ हातात, कुणी पुढे काही विचारेल म्हणून वाट बघत. कुणी विचारत नव्हतं.

शीला बाहेर आली. पंच टेबलाशी बसले होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी ट्रॅक सोडला तो स्वतःहून. डहाळी दिसली म्हणून सोडला. वाट खचली होती, काकीनं ते आधी बघितलं नि डहाळी टाकून सांगितलं. मी खाली येऊन तुमच्या माणसाला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

मग पंचांनी निनाद सरांकडे बघितलं, सरांनी खाली बघितलं आणि पंच म्हणाले, "ठीक आहे. बाद."

एवढंच. डहाळीबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. नळाबद्दल तर नाहीच. दुपारी भराव कोरड्या मातीने परत दाबला, संध्याकाळी शर्यत पुरी झाली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गावकऱ्यांच्या खोडसाळपणामुळे स्पर्धक जखमी झाल्याची बातमी आली आणि तिच्याखाली तिन्ही विजेत्या मुलींचा फोटो आला. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी लगेच झालं ते असं, की एक मदतनीस शीलाजवळ येऊन म्हणाला, "क्लबची सायकल इथेच ठेवून जा. ऋजुताच्या मैत्रिणीची बिघडलीय, तिला लागेल." शीलाने हँडलवरून हात काढला. युसुफचाचांनी मान वळवली.

दुपार टळल्यावर गाडीरस्त्याने वर पाड्याकडे जाताना सुकरीकाकी पुढे आणि शीला मागे. पाटलाने काकीला चार लोकांत खडसावलं होतं आणि तिने ते निमूट ऐकून घेतलं होतं. निमूट म्हणजे फक्त तिथे. चढ लागला तशी ती सुटली, आणि सुटली ती शीलावर.

"अक्कल हाय का तुला? त्या सायबानं सांगितलां तसां बोलायचां होतां. चाचानं मला सगळां सांगितलां. माझ्यावर ढकलायचां होतां. मला कोण खातंय? चार शिव्या खाल्ल्या असत्या, त्या तशाही खाल्ल्या. तू गेली असतीस ना!"

शीला तिच्या मागोमाग चढत राहिली.

"लहानपणापासून तुला बोलतंय मी, पडशील नि मरशील. ते काय तू भट्टीवर जावां म्हणून बोलतंय?" काकीला धाप लागली होती तरी ती थांबेना. "आता काय करशील? विटा थाप. जन्मभर थाप. डोक्यात दगड घातलास तू सोताच्या."

"काकी, थांब जरा," शीला म्हणाली. "हंडा दे इकडं."

काकी थांबली. शीलाने तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतला, आणि मग म्हणाली, "मी अडथळा म्हटलं असतं, पाटलानं तुला माझ्या शब्दावरून समज दिली असती. बरं. उद्या तू परत पाण्याला निघालीस नि कुठं वाट खचलेली दिसली, तर काय केलं असतंस?"

सुकरीकाकी पदराने तोंड पुसत उभी राहिली. खाली माईकवर पुढच्या मुलीचं नाव पुकारलं जात होतं, तिला कुणी कुणी शिकवलं ते सांगितलं जात होतं. काकी म्हणाली, "नसती टाकली."

"कुणीच नसती टाकली," शीला म्हणाली आणि चढू लागली.